दोघी वाचल्या

“तुमच्याकडे मदत उशिरा कधी आली होती?”

इल्कानं हे इतक्या सहज विचारलं, की जणू स्टेशनची बस कुठून सुटते तेच विचारत होती. माझ्या हातातलं बिस्किट चहात तुटून पडलं. मी चमच्यानं ते काढत बसले, तेवढाच विचार करायला वेळ.

“मदत म्हणजे? कसली?”

“कसलीही. पूर, आग, काहीही. माणसं वाट बघत बसली आणि मदत उशिरा पोचली. असं प्रत्येक देशात एक तरी सापडतंच. भाषणासाठी मला तेच लागतं.”

इल्का एका छोट्या देशाच्या उपाध्यक्षांची भाषणं लिहायची. देशाचं नाव मी इथे घेत नाही. कामाच्या कागदावर तशी सही केली होती, आणि सही मोडायची मला सवय नाही. शेजारचा मोठा देश त्यांच्या अंगावर चालून आला होता. दीड वर्ष युद्ध चाललं होतं आणि हे उपाध्यक्ष देशोदेशी हिंडून औषधं, पैसा, पाठिंबा, जे मिळेल ते मागत होते. दिल्लीनं त्यांना चहा पाजला, फोटो काढले, ‘आम्ही शांततेच्या बाजूचे’ असं सांगितलं आणि वाटेला लावलं. मग कुणीतरी सुचवलं, की सरकार हलत नसेल तर लोकांकडे जा, लोक हलले की सरकारला हलावंच लागतं. म्हणून पुण्यात सभा ठरली. डॉक्टर, कारखानदार, सहकारी बँकांची मंडळी, महिला मंडळं, सगळ्यांना बोलावलेलं. भाषण इंग्रजीत, आणि दर चार वाक्यांनंतर ते मराठीत सांगायला दुभाषी म्हणून मी. वय सव्वीस, नाकावर चष्मा, आणि आपण फार हुशार आहोत असा गैरसमज. नऊ-दहा वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

“हे तुम्ही सगळीकडे करता?” मी विचारलं.

इल्कानं वही पुढे केली. एकेका पानावर एकेक देश. एका देशात खाण कोसळली होती, तिथे उपाध्यक्ष खाणीबद्दल बोलले. दुसरीकडे मासेमारांची बोट बुडाली होती, तिथे बोटीबद्दल. तिसरीकडे एका शाळेला आग लागली होती. भारताचं पान कोरं होतं.

“म्हणजे ज्याच्या दारात जायचं त्याच्या घरातल्या गेलेल्या माणसाची आठवण काढायची,” मी म्हणाले. “भारी आहे हं तुमचं!”

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. तिनं फोन काढून एक फोटो दाखवला. तिच्यासारखेच भुरे केस, गालावर खळी.

“माझी बहीण. अठरा दिवस झाले, ती आणि तिची मुलं तळघरात आहेत. शहराला वेढा पडलाय. परवा फोन लागला होता तेव्हा म्हणाली, पाणी संपत आलंय. मी काय करू, सांग. मला बंदूक चालवता येत नाही. मला वाक्यं लिहिता येतात.”

आणि मग, आजही मला माझा राग येतो, मी तिला आईची गोष्ट सांगितली.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी साडेतीन वर्षांची होते. आमचं गाव लातूरकडचं. दगडामातीची जाड भिंताडं आणि वर माळवद, म्हणजे लाकडी वाशांवर हातभर मातीचा थर. आदल्या रात्री गणपती बोळवले होते. आप्पा मंडपातच आडवे झाले होते म्हणून बचावले. घरात आई आणि मी. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि सगळं गाव खाली बसलं. आप्पा धावत आले तर घराच्या जागी ढिगारा. ढिगाऱ्याखालून दोन आवाज येत होते. एका कोपऱ्यात मी रडत होते, दुसऱ्या कोपऱ्यात आई. मदतीला कोण येणार? ज्याच्या त्याच्या दारात ज्याचा त्याचा ढिगारा. आप्पा एकटे, हातात नुसती पहार. तेव्हा आई आतून म्हणाली, “आधी पोरीला काढा.” आप्पांनी मला काढलं. मला काढेपर्यंत नऊ वाजले. मग ते आईकडे वळले. दुपारी बाराला आईचा आवाज थांबला. मिलिटरीची माणसं गावात पोचली तेव्हा दिवस मावळला होता.

यातलं मला स्वतःला काहीही आठवत नाही. पण ही गोष्ट ऐकतच मी वाढले. आत्या सांगायची, मामा सांगायचे, गावातल्या बायका माझ्या गालांवरून हात फिरवून सांगायच्या. एकटे आप्पा तेवढे कधी सांगत नसत. सांगणं सोडा, दुसऱ्या कुणी सुरू केलं की ते उठून जात. चुलतभावाच्या लग्नात पंगतीत कुणीतरी विषय काढला, तर आप्पा भरल्या ताटावरून उठले आणि हात धुऊन थेट एसटी स्टँडवर गेले. तेव्हापासून त्यांच्यासमोर कुणी ब्र काढत नसे.

इल्कानं सगळं लिहून घेतलं. लिहिताना तिचे डोळे भरले होते, तेही मी पाहिलं. उगाच खोटं कशाला बोलू?

“नाव येणार नाही,” ती म्हणाली. “गावही नाही. फक्त एक बाप, एक आई, एक मुलगी.”

“नावाचा प्रश्न नाही गं. माझे वडील सभेला येणार आहेत.”

हा खरा घोळ होता. आप्पा त्या आठवड्यात माझ्याकडेच होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर काळा चष्मा होता आणि दर चार तासांनी थेंब घालायचे होते. गावातली पिठाची गिरणी आठ दिवस बंद ठेवून आलेला माणूस, त्यांना दुसरी करमणूक काय? मीच फुशारकीनं म्हणाले होते, “आप्पा, या की ऐकायला. मोठ्या माणसाच्या शेजारी उभी राहून बोलणार आहे मी.” ते इतके खूश झाले, की शेजारच्या दामले काकूंना दोनदा सांगून आले.

इल्का म्हणाली, “मग त्यांना विचार ना.”

“तू माझ्या वडिलांना ओळखत नाहीस.”

“बरं, मग बघते काय करता येतं ते,” ती म्हणाली. हे वाक्य सगळ्या भाषांत सारखंच पोकळ असतं, हे मला कळायला हवं होतं.

सभेच्या दिवशी सकाळी मी आप्पांना परोपरीनं सांगून पाहिलं. ऊन फार आहे, डोळ्याला धूळ लागेल, सभा कंटाळवाणी होणार, तिथे नुसते कारखानदार जांभया देत बसतील.

“देऊ दे की जांभया,” आप्पा म्हणाले. “मी काय त्यांला बघायला येलालोय व्हय? तुला बघायला येलालोय.”

दामले काकू त्यांना रिक्षानं घेऊन येणार होत्या.

दुपारी चारला इल्कानं भाषण माझ्या हातात ठेवलं. सभा पाचला. मी उभ्या उभ्याच पानं चाळली आणि सातव्या परिच्छेदावर थांबले. गोष्ट होती. बाप होता, पहार होती, दोन आवाज होते, ‘आधी पोरीला काढा’ होतं. आणि शेवटी असं होतं: पण त्या बापाला एकट्यानं खणावं लागलं नाही. तुम्ही आलात. सगळीकडून माणसं धावत आली, हाताला हात लागले, आणि दोघी वाचल्या. आई आणि मुलगी, दोघीही.

माझं डोकं सणकलं.

“हे काय आहे?”

“काय?”

“माझी आई मेली, इल्का. तू माझ्या तोंडावर तिला जिवंत केलंस.”

“ओरडू नकोस. बस जरा.”

“मी नाही बसत. मदत उशिरा कधी आली, असं तूच विचारलं होतंस ना? मग उशिरा आलेली मदत वेळेवर कशी आली?”

इल्कानं दार लावून घेतलं. ती दोन रात्री झोपली नव्हती, ते दिसत होतं. “ऐक. आधी आम्ही खऱ्या शेवटांनीच बोलायचो. खाणीतली माणसं मेली, बोटीतली बुडाली, असं. लोक रडायचे. खूप रडायचे. आणि मग घरी जायचे. शेवट वाईट सांगितला, की माणूस मान खाली घालतो. शेवट चांगला सांगितला, की तो हात वर करतो. सहा देशांत करून बघितलंय मी हे. तुम्ही एकदा एका बाईला वाचवलंत, आता दुसरीला वाचवा. असं सांगितलं की माणसं उठतात.”

“पण वाचवलं नव्हतं!”

“त्यांना काय माहीत?”

“तिसऱ्या रांगेत माझा बाप बसणार आहे, त्याला माहीत आहे.”

टेबलावरची पेन्सिल घेऊन इल्कानं सातव्या परिच्छेदावर आडवी काट मारली. एकदा, दोनदा, कागद फाटेपर्यंत. “गेलं,” म्हणाली. “झालं समाधान?” आणि तोंड धुवायला निघून गेली. मला अपराधी वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंच जास्त वाटलं.

उपाध्यक्ष आले. पंचावन्नच्या आसपासचे, जाडजूड, हळू बोलणारे. युद्धाच्या आधी ते घोड्यांचे डॉक्टर होते. आदल्या दिवशी जेवताना त्यांनी मला सांगितलं होतं, की जनावर कुठे दुखतंय ते बोलून सांगत नाही, म्हणून आधी त्याच्या अंगावरून हात फिरवायचा. जिथे कातडी थरारते तिथे दुखणं असतं. मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

हॉल भरला होता. तिसऱ्या रांगेत कडेला काळा चष्मा आणि पांढरी टोपी. आप्पांनी मला पाहून हात वर केला, दामले काकूंनी तो खाली ओढला. सभेच्या अध्यक्षांनी प्रास्ताविक करता करता स्वतःच्या संस्थेचा चाळीस वर्षांचा इतिहास सांगितला. मागे सामोशांचे ट्रे आले आणि अर्ध्या माना तिकडे वळल्या. उपाध्यक्ष बोलायला उभे राहिले तेव्हा निम्मे लोक मोबाइलमध्ये होते.

ते बोलत होते, मी मराठीत सांगत होते. सीमा, रणगाडे, करार, पडलेली शहरं. सगळं खरं आणि सगळं भयंकर होतं, आणि समोर कुणाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. पहिल्या रांगेतले कृत्रिम पाय बनवणारे बोथरा शेठ तर डोळे मिटून बसले होते. ह्याच माणसासाठी अर्धी सभा भरवली होती, कारण त्या देशात सुरुंगांवर पाय पडून लंगडी झालेली शेकडो मुलं होती.

सहाव्या परिच्छेदाच्या शेवटी उपाध्यक्षांनी हॉलवरून नजर फिरवली. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग हातातले कागद घडी करून कोटाच्या खिशात घातले.

“तेवीस वर्षांपूर्वी,” ते म्हणाले, “तुमच्या राज्यात एका पहाटे जमीन हलली.”

त्यांना ते पाठ होतं! काट कागदावर मारली होती, त्यांच्या डोक्यात थोडीच मारली होती? मी विंगेत इल्काकडे बघितलं. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले होते.

मी सांगितलं, “तेवीस वर्षांपूर्वी तुमच्या राज्यात एका पहाटे जमीन हलली.” मोबाइल खाली गेले. बोथरा शेठनी डोळे उघडले.

ते पुढे म्हणाले, मी पुढे सांगत गेले. बाप. पहार. दोन आवाज. माझा आवाज माझाच मला परका वाटत होता. मी आप्पांकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि सारखी त्यांच्याकडेच बघत राहिले. आता उठतील, आता उठतील, असं वाटत होतं. सगळ्या लोकांसमोर, काठी टेकत, माझ्याकडे पाठ करून. तसं झालं असतं तर मी माइक तिथेच टाकून त्यांच्यामागे धावले असते. पण आप्पा हलले नाहीत. काळ्या चष्म्याआड काय चाललंय, ते दिसायला मार्ग नव्हता.

“आई म्हणाली, आधी पोरीला काढा,” मी म्हणाले. महिला मंडळाच्या रांगेत पदर डोळ्यांना लागले.

मग उपाध्यक्षांनी शेवट सांगितला. तुम्ही आलात. भाकऱ्या घेऊन आलात, घोंगड्या घेऊन आलात, रिकामे हात घेऊन आलात. दोघी वाचल्या. आई आणि मुलगी, दोघीही. एवढं बोलून ते माझ्याकडे बघून थांबले.

मी ‘आलात’पर्यंत आले आणि थांबले. हॉल वाट बघत होता. पाच सेकंद झाले असतील, दहा झाले असतील, दुभाष्याच्या धंद्यात हे मरण असतं. मला खरं सांगता आलं असतं. आई वाचली नाही, असं तीन शब्दांत सांगून मोकळं होता आलं असतं; उपाध्यक्षांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. आज लोकांना वाटेल, की त्या क्षणी मला तिथली लंगडी मुलं आठवली, इल्काची बहीण आठवली. छे! मला काही आठवलं नाही. एवढा मोठा हॉल पुढे झुकून बसला होता आणि मला त्याची भीती वाटली, एवढंच.

“दोघी वाचल्या,” मी म्हणाले. “आई आणि मुलगी, दोघीही.”

काय टाळ्या पडल्या! मागच्या रांगेतून एक म्हाताऱ्या बाई उठल्या. म्हणाल्या, “आमच्या गल्लीतून चारशे भाकऱ्या गेल्या होत्या हो तेव्हा! मी स्वतः थापल्यात!” आणि रडायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, आमच्या कॉलेजची पोरं ट्रक भरून गेली होती. ज्याला त्याला आपण काय केलं ते आठवायला लागलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. खरंच गेल्या होत्या भाकऱ्या. त्यांच्यावर तर मी वाढले. बोथरा शेठ उभे राहिले आणि म्हणाले, “तीनशे पाय. माझ्याकडून.” डॉक्टरांच्या संघटनेनं दोन रुग्णवाहिका देऊ केल्या. सरकारला द्यायच्या निवेदनावर सह्यांसाठी रांग लागली.

आणि तिसऱ्या रांगेत आप्पा टाळ्या वाजवत होते. हात डोक्याच्या वर नेऊन, गावातल्या तमाशाला वाजवतात तशा. दामले काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या होत्या, कारण लोक थांबले तरी ते थांबत नव्हते.

इल्का मला मिठी मारायला आली. मी तिला हात लावू दिला नाही.

घरी आल्यावर आप्पा नेहमीसारखे जेवले, ताक मागून घेतलं, झोपले. मला वाटलं, त्यांना कळलंच नसेल. दुसऱ्याच कुणाची गोष्ट वाटली असेल. तेवीस वर्षं ज्या गोष्टीवरून ताटावरून उठत आले, ती ऐकून माणूस टाळ्या वाजवेल का? की डोक्यावर काही परिणाम झालाय? मी रात्रभर तळमळत होते.

सकाळी थेंबांची वेळ झाली. ते कॉटवर उताणे झाले, मी डोळ्यात दोन थेंब टाकले. थेंब घातले की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आप्पा अगदी शहाण्या मुलासारखे पडून होते. मी कॉटच्या कडेला बसले.

“आप्पा, काल ते... मी मुद्दाम नाही केलं. काढून टाकलं होतं ते. त्या माणसानं ऐनवेळी—”

“तूच सांगितलीस ना त्यांला?”

“हो.”

“बरं.”

“पण शेवट मी तसा सांगितला नव्हता. तो त्यांनी बदलला. मी खरं सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतंस?”

“जे झालं ते. आई म्हणाली, आधी पोरीला काढा. म्हणून तुम्ही मला काढलंत आणि आई...”

“ते बी खोटंच हाय,” आप्पा म्हणाले.

डोळे मिटलेलेच होते. उजव्या डोळ्यातून औषध ओघळून कानाकडे चाललं होतं. मी कापसानं टिपलं.

“काय खोटं आहे?”

“तसं म्हणाली न्हाई ती.”

“मग काय म्हणाली?”

बाहेर दामले काकू दूधवाल्याशी हुज्जत घालत होत्या.

“मला काढा म्हणाली,” आप्पा म्हणाले. “दुसरं काय म्हणंल? अंगावर घर पडल्यावर माणूस दुसरं काय म्हणंल? अवो, इकडं या, मला काढा. मी सांगत हुतो, येलालोय, येलालोय. आधी तिकडंच खणलं मी, उजाडायच्या आधीपासून. सगळं माळवद तिच्यावर आलं हुतं. एकट्याच्यानं हलंना. तुझ्या अंगावर एकच वासा हुता, हलका. म्हणून तुझ्याकडं आलो. एवढंच हाय त्यात. तुला काढीपर्यंत ती हाका मारलालती. तुझं नाव एकदा बी घेतलं न्हाई तिनं. तू हाईस का गेलीस, तिला ठाव तरी हुतं का, देव जाणे.”

मी कापसाचा बोळा हातात धरून बसले होते.

“मग ते... ‘आधी पोरीला काढा’ कुठून आलं?”

“माझ्या तोंडातनं,” ते म्हणाले. “तिसऱ्या दिशी तुझे मामा आले. तिघं बी, जीप घेऊन. थोरल्याच्या हातात काठी हुती. गावच्या पालात सगळे बसलेले. म्हणले, आमची बहीण दगडाखाली टाकून पोर काढलीस, आता ती पोर बी आमची. तुला उचललं बी हुतं धाकट्यानं. घरात बाई न्हाई, घरच न्हाई, मी काय म्हणून तुला मागणार? सगळे माझ्या तोंडाकडं बघलालते. मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं गं, नंदा. तोंडातनं आलं. म्हणलं, तुमचीच बहीण मला म्हणाली, आधी पोरीला काढा, तिला तुम्हीच संभाळा. ते ऐकलं आन् थोरल्यानं काठी टाकली. माझ्या पाया पडला. धाकट्यानं तुला माझ्या मांडीवर आणून ठिवलं. त्या दिसापासून दर साली तिघांकडनं ज्वारीची पोती यायची आपल्याकडं. तू खाल्लीस की ती.”

“म्हणून तुम्ही उठून जायचात?”

“लोकांला वाटायचं, दुःखानं उठतोय.”

“मग काल का नाही उठलात? टाळ्या काय वाजवत होतात?”

आप्पांच्या ओठांना थोडं हसू आलं. “तो तिथं उभा राहिला, हातातले कागद ठिवले, लोकांकडं बघितलं, तवाच मला कळलं, हा आता काय करणार ते. त्याला काहीतरी पायजे हुतं. लई पायजे हुतं.” मग म्हणाले, “आन् दोघी वाचल्या म्हणालीस ना तू. बसून ऱ्हावं वाटलं.”

मला रडू फुटलं. कशाचं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. आईच्या हाका ऐकल्या त्याचं, की तिनं माझं नाव घेतलं नाही त्याचं. लहानपणापासून मी एका बाईच्या उपकाराचं ओझं घेऊन चालत होते. परीक्षेत पहिली आले तरी वाटायचं, तिनं माझ्यासाठी जीव दिलाय, एवढ्यानं कसं फेडणार मी? आणि तिनं दिलाच नव्हता. तो तिच्याकडून हिरावला गेला होता. तिला जगायचं होतं.

“झाली का पाच मिनिटं?” आप्पांनी विचारलं.

“झाली.”

त्यांनी डोळे उघडले, उठून बसले आणि चष्मा मागितला. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधीच बोललो नाही.

तीनशे पाय गेले. चार महिन्यांनी इल्काचा मेल आला, पाय बसवलेल्या मुलांचे फोटो होते, एक मुलगी तर दोरीवरच्या उड्या मारत होती. बहिणीबद्दल तिनं काही लिहिलं नव्हतं. मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी आप्पा गेले. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातल्या घरासमोर मांडव घातला होता. थोरले मामा आले. ऐंशीला टेकलेले, दोघांनी धरून आणलं. धाकटे दोघे आधीच गेलेले. मामांनी आप्पांच्या पायांवर डोकं टेकलं आणि मग मांडवात बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आमच्या मथुरानं या पोरीसाठी जीव दिला. दगडाखालनं म्हणाली, आधी पोरीला काढा. दाजींनी मला स्वतः सांगितलं हुतं. त्या एका शब्दावर मी इतकी वर्सं काढली, न्हाईतर येडा झालो असतो.” मग हात माझ्याकडे करून त्यांनी विचारलं, “असंच म्हणाली हुती ना गं, नंदा? तुला सांगितलं असंल की दाजींनी.”

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला.

“हो मामा,” मी म्हणाले. “असंच म्हणाली होती.”